माठातली कोरफड, चौदा पिल्लं आणि तोंडावर आलेला मृग

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. त्यांच्या सासूबाईंनी ११ वर्षांपूर्वी संकेश्वरहून, माहेरच्या परड्यातली कोरफड आणली आणि पाण्याच्या जुन्या माठाला बुडाशी भोक पाडून त्यात लावली. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. आता माठाला उभा तडा गेलाय. भोकातून मुळं बाहेर डोकावतायत, आईभोवती, म्हणजे मूळ झाडाभोवती, बुडातून फुटलेली १४ पिल्लं दाटलीत, पानं पातळ आणि तांबूस झालीत, आणि पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं. ताई विचारतात, मृग लागायच्या आत कुंडी बदलून टाकू का? माठ फोडावाच लागेल का? एवढी पिल्लं काढली तर आई जगेल का? आणि लेकीनं मागितलेली पिल्लं तिला कधी देऊ?

ताई, आधी घाईचं बोलते. आत्ता काढू नका. दसऱ्यापर्यंत थांबा.

मुळं कोंडली म्हणजे झाड आज-उद्या जाणार असं बहुतेकांना वाटतं. गुलाबाचं, जास्वंदीचं तसं होतही असेल. कोरफड वेगळी आहे. ती पाणी पानात साठवते, मुळांवर रोजचा भार टाकत नाही, आणि दाटीत वर्षानुवर्षं तग धरते. तिला मारतं ते ओल्या मातीत बसलेलं तुटकं मूळ. कुंडी बदलताना मुळं तुटतातच, पिल्लं सोडवताना गड्ड्याला जखमा होतातच. या जखमा वाळून नवी मुळं धरायला तीन ते पाच आठवडे कोरडे जावे लागतात. वैशाख सरत आलेला असताना आपल्याकडे एवढे कोरडे दिवस उरत नाहीत. वळीव केव्हाही येतो, मग रोहिणी, मग मृग. निपाणीत खानापूर-कणकुंबीसारखा पाऊस पडत नाही हे खरं. पण तरण्या-म्हाताऱ्या पावसातली ती बुरबुर तुमच्याकडेही असते. आठ-आठ दिवस ऊन नाही, हवा दमट, माती वाळायचं नाव घेत नाही. जखमी मुळाला कोसळणाऱ्या पावसापेक्षा अशी बुरबुर जास्त बाधते.

२०१९ साली मे महिन्यात मी हीच चूक केली. येळ्ळूर रस्त्याला आमची लहान रोपवाटिका आहे. तिथं साठएक पिल्लं सुटी करून चार इंची कुंड्यांत लावली आणि हिरव्या जाळीखाली ठेवली. जून बरा गेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जो पाऊस लागला, तो बेळगाव जिल्ह्यातलं कुणी विसरलेलं नाही. जाळी ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. पंधरा दिवसांनी एकेका पिल्लाला बोट लावलं की ते बुडापासून सुटून हातात येत होतं, खाली तपकिरी चिखल आणि कुजका वास. २२ वाचली. त्याच जाळीखाली जुन्या, मुळांनी खच्चून भरलेल्या कोरफडी होत्या आणि त्यातल्या एकीलाही काही झालं नव्हतं.

हे का झालं, यावर मी बरेच दिवस विचार केला. कारण साधं आहे. भरलेल्या कुंडीत माती कमी आणि मुळं जास्त असतात. पडलेलं पाणी मुळं ओढून घेतात, उरलेलं मोकळ्या वाटांनी निघून जातं. नव्या कुंडीत माती जास्त आणि पाणी पिणारी मुळं जवळजवळ नाहीतच. म्हणून ओल तिथंच बसून राहते. तुमचा दाटलेला माठ हा पावसाळ्यापुरता तुमच्या कोरफडीचा आधारच आहे. तो चार महिने तसाच राहू दे.

एकच अपवाद. झाडाच्या बुडाशी हात घालून मधला गड्डा दोन बोटांत दाबून बघा. टणक लागला तर थांबायचं. मऊ लागला, खालची पानं पाणचट होऊन गळून पडत असली, आंबूस वास येत असला, तर कुज लागली आहे. मग मृगाची वाट बघू नका, त्याच दिवशी बाहेर काढा, कुजका भाग निर्मळ मांस दिसेपर्यंत कापा आणि पुढं पिल्लांबद्दल सांगते तसं वाळवा. पण तुम्ही लिहिलंय की पानं पातळ आणि तांबूस आहेत, मऊ नाहीत. ती तहान आहे आणि चैत्र-वैशाखाचं ऊन आहे. कडक उन्हात कोरफड तांबूस होते आणि सावलीत नेली की हळूहळू हिरवी होते, तो रोग नव्हे.

तहान कशी भागवायची? वरून घातलेलं पाणी थांबत नाही, कारण मुळांचा गोळा माठाच्या भिंतीपासून सुटलाय आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातंय. आतला गोळा कोरडाच राहतो. घमेल्यात तीन बोटं पाणी घ्या, त्यात माठ अर्धा तास बसवा, मग उचलून विटांवर ठेवा आणि पूर्ण निथळू द्या. आत्ता एकदा करा, आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा. तेवढ्यात पानं भरून येतात. मृगानंतर हा प्रकार बंद. तड्याला काही लिंपू नका, पाणी जायला वाट आहे ते बरंच आहे. फक्त माठाला बाहेरून दोन ठिकाणी तार आवळा म्हणजे मुळं फुगून तो मध्येच उकलणार नाही. आणि पावसाळाभर तो सोप्यात किंवा पत्र्याच्या पडवीत, उजेड येईल पण झड येणार नाही अशा जागी ठेवा. जून ते सप्टेंबर पाणी घालायचंच नाही म्हटलं तरी चालेल. हवेतला दमटपणा पुरतो असं नाही, पण पानांतला साठा पुरतो.

आता दसऱ्यानंतरचं. दसरा ते दिवाळी हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. परतीचा पाऊस कधी कधी गडगडत येतो, म्हणून आभाळ बघून आठवडा निवडा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, निपाणी थोडी खाली. त्यामुळं आपल्याकडं ऑक्टोबरचं ऊन भाजत नाही आणि जमीन अजून उबदार असते. हा हंगाम चुकला तर महाशिवरात्र ते पाडवा हा दुसरा. ऐन थंडीत काढू नका, मुळं धरायला फार वेळ लागतो.

काढायच्या आधी आठ-दहा दिवस पाणी बंद. तहानलेली कोरफड थोडी लवचिक होते. पाणी प्यालेलं पान काकडीसारखं कट्कन मोडतं. काढायच्या दिवशी जुन्या साडीची रुंद पट्टी घेऊन सगळी पानं वर गोळा करून सैल बांधा. सुतळी नको, ती पानात रुतते. हातमोजे घाला किंवा निदान लांब बाह्यांचे कपडे घाला. कापलेल्या पानातून जो पिवळा रस येतो, तो वाळला की त्यालाच आपण काळा बोळ म्हणतो. कुणाकुणाच्या कातडीला तो खाजतो आणि कपड्यावरचा डाग जात नाही. घरात मांजर-कुत्रं असलं तर कापलेली पानं त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका, पोट बिघडतं.

माठाचं म्हणाल तर साध्या कुंडीतून झाड काढणं सोपं असतं. कुंडी आडवी करायची, जमिनीवर लाटण्यासारखी फिरवायची, भोकातून काठीनं ढकलायची, की गोळा सुटतो. माठाचं पोट मोठं आणि गळा लहान. पोटात वाढलेला गोळा गळ्यातून येणार नाही, आणि ओढलंत तर खोड तुटून वरचा भाग हातात येईल. म्हणून माठाला धक्का लागणार, हे मनाशी धरा. पण चक्काचूर करायची गरज नाही. लोखंड कापायचं करवतीचं पातं घ्या. माठाच्या पोटाचा सगळ्यात रुंद भाग जिथं संपून खाली निमुळता व्हायला लागतो, तिथं गोल रेघ आखा आणि त्या रेघेवर पात्यानं सावकाश घासत खाच पाडा. मध्ये मध्ये पाणी शिंपडा, धूळ उडत नाही. खाच अर्ध्या जाडीइतकी झाली की वरचा भाग तड्याच्या बाजूनं हलक्या हातानं ठोकून पाकळ्यांसारखा सोडवत न्या. तडा रेघेच्या खालपर्यंत गेलेला नसेल तर खालचा भाग परातीसारखा अखंड राहतो. तो जपून ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

गोळा बाहेर आला की आधी निरखून बघा. कोरफडीचं जिवंत मूळ जाडसर, टणक आणि पिवळसर-पांढरं असतं. मेलेलं मूळ चपटं, तपकिरी, आतून पोकळ. ओढलं की साल मोज्यासारखी निघते. मेलेली सगळी काढून टाका. माठाच्या भिंतीला धरून गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी किंवा काठीनं मोकळी करा. जी सुटतच नाहीत ती कापा. एक तृतीयांश मुळं गेली तरी कोरफडीला काही होत नाही, म्हणून हात आखडता घेऊ नका. मुळं धुवायची का असं बरेच जण विचारतात. मी उगाच धूत नाही. पण मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मग सगळी माती धुवून काढायची, ती माती परड्यात न टाकता बाहेर टाकायची, ठिपक्यांवर औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसानं लावायचं आणि झाड सावलीत चांगलं वाळवायचं. माठाभोवती मुंग्यांची रांग असेल तर हे ठिपके हटकून शोधा. या किड्यांचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतातही.

आता पिल्लं. शेतकऱ्यांच्या बोलीत मुनवे, आमच्या रोपवाटिकेत सगळे पिल्लंच म्हणतात. चौदाच्या चौदा काढायची नाहीत. जे पिल्लू वीतभर उंच आहे, ज्याला चार-पाच पानं आहेत आणि ज्याची स्वतःची मुळं दिसतायत, तेवढीच सुटी करा. चौदांत अशी आठ-नऊ निघतील. बोटाएवढी असतील ती आईजवळ राहू द्या. फार लहान काढलेलं पिल्लू महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. आईजवळ राहिलं तर तेच पुढच्या वर्षी दुप्पट होतं. एक-दोन मोठी पिल्लं ठेवून द्या असंही मी सांगेन. ११ वर्षांचं झाड एकदम एकटं पडलं की कुंडीत कलंडायला लागतं, पिल्लं त्याला बाजूनं धरून ठेवतात.

आधी हातानं प्रयत्न करा. पिल्लाला बुडाशी धरून बाजूला वळवलं की बरीचशी आपोआप सुटतात. जिथं जाड दांड्यानं आईला जोडलंय तिथं धारदार चाकू घ्या, त्याचं पातं स्पिरिटनं पुसून घ्या आणि दांडा पिल्लाच्या बाजूला थोडा ठेवून एकाच घावात कापा. करवतीसारखं पुढं-मागं करत कापलेली जखम चिरडते आणि चिरडलेली जखम कुजते. प्रत्येक पिल्लानंतर पातं पुन्हा पुसा. म्हणजे कुठं एखादं कुजकं निघालं तरी त्याची लागण इतरांना होत नाही.

आणि मग वाळवणं. सगळ्यात जास्त माणसं इथं चुकतात. काढलं की लगेच लावायचं आणि लावलं की लगेच पाणी घालायचं, हे आपल्या हाताला लागलेलं वळण आहे. मिरचीची, वांग्याची रोपं तशीच लावतात, म्हणून. कोरफडीला उलटं हवं. कापलेली पिल्लं सावलीत, हवेशीर जागी, वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. बारीक जखम असेल तर तीन दिवस, अंगठ्याएवढी जाड असेल तर आठवडा. जखमेवर पातळ, कोरडी, पांढरट खपली धरली की झालं. आईलाही दोन-तीन दिवस तसंच बाहेर ठेवा. जीव घाबरा होतो हे मला माहीत आहे, मुळं उघडी पडलेलं झाड बघवत नाही. पण आपल्याच गल्लीत दारावर दृष्टीसाठी मुळं वर करून टांगलेली कोरफड बघा की. ना माती, ना पाणी, आणि महिनोन्‌महिने ती हिरवी असते. कधी कधी तिला तशीच फुलं येतात. मग सावलीतल्या आठवड्यानं तिचं काय बिघडणार? जखमेला हळद लावायची असेल तर लावा, काही वाईट होत नाही. पण खपली वाळल्यानं धरते, हळद लावली म्हणून वाळवण्याचे दिवस कमी करू नका.

मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निपाणी-चिकोडीकडची काळी माती तंबाखूला आणि उसाला सोनं आहे, पण कोरफडीच्या कुंडीत ती घालू नका. ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते, वाळली की आकसून भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळं तोडते. खानापूरकडची तांबडी माती त्यापेक्षा बरी, पण तीही फार बारीक असते आणि कुंडीत दगडासारखी बसते. माझं मिश्रण असं. दोन भाग खडे, एक भाग तांबडी माती, एक भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. खडे म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे. वीटभट्टीवरच्या विटांचे तुकडे फोडून, जांभ्या दगडाचा चुरा किंवा क्रशरवरची सगळ्यात बारीक खडी, जे मिळेल ते. पण चाळून आणि धुवून घ्या. त्यातली भुकटी राहिली तर तीच खड्यांच्या मधल्या जागा बुजवते आणि सगळी मेहनत वाया जाते. भाताच्या गिरणीवरचं तूस अर्धवट जाळून काळं केलेलं मिळालं तर एक मूठ घाला, माती हलकी राहते. पांढरी राख झालेलं मात्र नको, त्यात खार फार असतो. समुद्राकाठची वाळू कुणी गोव्याहून आणून दिली तरी वापरू नका, तिच्यात मीठ असतं. मिश्रण तयार झालं की कुंडीत भरून तांब्याभर पाणी ओता. वर डबकं न साचता पाणी लगेच आत शिरून खालून बाहेर आलं पाहिजे. साचलं तर आणखी खडे घाला.

अथणी-रायबागकडची मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी खडे थोडे कमी केले तरी चालेल, तिकडं पाऊस कमी आणि ऊन जास्त. जांबोटी-खानापूरकडच्यांनी मात्र तीन भाग खडे घ्यावेत आणि कुंडी काही झालं तरी वळचणीच्या आत ठेवावी.

कुंडी किती मोठी? आईच्या मुळांचा गोळा छाटून झाल्यावर जेवढा रुंद उरेल, त्यापेक्षा दोन इंच जास्त. बस. गोळा आठ इंच उरला तर दहा इंची कुंडी. आता मोठी घेऊन ठेवली म्हणजे पाच वर्षं बघायला नको, हा हिशोब कोरफडीला महाग पडतो. मुळं नसलेली माती म्हणजे नुसता ओलावा. कुंडी मातीचीच घ्या. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे, आणि तिथल्या कुंड्या आपल्या सगळ्या बाजारांत मिळतात. भाजलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी उडून जातं, म्हणून ती घ्यायची. त्यामुळं तिच्यावर ऑइलपेंट मारू नका, भिंत बंद होते. शोभेसाठी हवंच असेल तर गेरू लावा.

आणि बुडाशी खड्यांचा थर घालू नका. हे ऐकून पुष्कळ जण माझ्याशी वाद घालतात, कारण आपल्या आजीपासून सगळ्यांनी तो घातलाय. भांडी घासायचा ओला स्पंज हातात आडवा धरा, थेंब पडायचे थांबले की तोच उभा करा, पुन्हा पाणी टपकायला लागतं. माती तशीच आहे. मातीचा थर जितका उंच, तितकं पाणी चांगलं निथळतं. बुडाशी खडे घातले की मातीची उंची तेवढी कमी होते, आणि बारीक मातीतलं पाणी मोठ्या खड्यांत चटकन उतरत नाही, थराच्या वर अडून राहतं. म्हणजे ओल खाली जाण्याऐवजी मुळांच्या जवळ येते. भोकावर एक खापरी उपडी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, एवढं पुरे. ती खापरी तुमच्या माठाचीच असू दे.

लावताना आई पूर्वी जेवढी मातीत होती तेवढीच बसवा. खालची वाळकी पानं काढून टाका, हिरव्या पानांची बुडं मातीत गाडू नका. ती कुजतात आणि कुज मग मध्ये जाते. खोड लांबलं असेल, मुळांपासून पानांपर्यंत नुसतं उघडं खोड असेल, तर तेवढं मातीत घातलेलं चालतं, त्याला नवी मुळं फुटतात. झाड डुलत असेल तर तीन-चार मोठे दगड भोवती टेकवा. माती दाबून दाबून बसवू नका, कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की बसते.

आणि मग आठ दिवस पाणी नाही.

हे वाक्य मी ग्राहकांना कुंडी हातात देताना दोनदा सांगते. तरी तिसऱ्या दिवशी फोन येतो, पानं सुकल्यासारखी वाटतात म्हणून थोडंसं घातलं. पानं थोडी सुकणारच. मुळं कामाला लागेपर्यंत झाड स्वतःच्या साठ्यावर जगतं आणि ती तहानच नवी मुळं बाहेर काढते. आठ दिवसांनी कडेकडेनं पेलाभर पाणी. त्यानंतर खराट्याची काडी मातीत तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओल किंवा माती चिकटून आली तर थांबायचं, कोरडी आली तरच पुढचं पाणी, तेही एकदा भरपूर आणि मग पुन्हा बंद. रोज घोट घोट पाणी म्हणजे वरची दोन बोटं माती कायम ओली आणि खालची कायम कोरडी. थंडीत पंधरा-वीस दिवसांनी एकदा पुरतं. दोन महिने खत नाही. पहिले दोन आठवडे सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी जागा, मग हळूहळू मोकळ्यावर.

मुळं धरली हे कसं कळतं? मधलं नवं पान उजळ हिरवं होऊन उभं राहायला लागलं की. झाड उपटून बघू नका. पिल्लू दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढा, त्यानं मातीला धरून ठेवलं तर काम झालं.

पिल्लांमधलं एखादं मुळाशिवाय निघालं तर टाकू नका. खपली धरल्यावर नुसत्या खड्यांवर टेकवून उभं ठेवा, दहा-बारा दिवसांनी बुडाशी मुळांचे टोकदार कोंब दिसतील, मग पाणी सुरू करा. पानापासून कोरफड होईल का असंही विचारतात. मी पुष्कळ वेळा लावून पाहिलंय, पान कुजतंच. पानफुटीच्या पानाच्या कडेला पिल्लं येतात, म्हणून सगळ्याच जाड पानांना येतील असं नाही. आणि पिल्लांच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले, पानं गोल न येता पुस्तकासारखी दोन बाजूंना आली, तर ही वेगळीच जात निघाली म्हणून घाबरू नका. कोरफड लहानपणी तशीच असते. मोठी झाली की ठिपके पुसट होतात आणि पानं गोल फिरायला लागतात.

तुमच्याकडं इतर झाडं असतील म्हणून दोन शब्द. हॉवर्थिया म्हणजे कोरफडीसारखंच दिसणारं छोटं झाड, त्याला हेच सगळं, फक्त कुंडी आणखी लहान आणि ऊन कमी. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट पान कापून लावलात तर नवं रोप येतं, पण काठ जातो, नुसतं हिरवं येतं. काठ हवा असेल तर जमिनीतला गड्डा विभागून लावा. घायपाताला फुलाचा उंच दांडा आला की ती आई मरते, तेव्हा तिची पिल्लं आधीच सोडवून ठेवा. कोरफडीला पिवळा दांडा आला तर तसं काही होत नाही, ती दरवर्षी फुलते. आणि रोपवाटिकेतून आणलेलं रोप नुसत्या नारळाच्या भुश्श्यात आलं असेल, आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून येणारी बरीच तशी येतात, तर आणल्यावर महिन्याभरात तो भुस्सा झाडून या मिश्रणात लावा. तो मध्ये ओला आणि कडेला कोरडा राहतो.

आता लेकीचं. दसऱ्यानंतर सोडवलेली पिल्लं संक्रांतीपर्यंत मुळं धरून उभी राहतात. आमच्याकडं बऱ्याच बायका हळदी-कुंकवाच्या वाणात कोरफडीचं पिल्लू देतात, प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा ते केव्हाही चांगलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही लेकीला द्या. वाणासाठी नंदिनीच्या दुधाच्या पिशव्या धुवून, बुडाला सहा-सात भोकं पाडून त्यात लावा, किंवा भोक पाडलेल्या करवंटीत लावा. दोन-तीन महिन्यांपुरतं ते पुरतं. देताना पंधरा दिवसांनी पाणी घाल, एवढं मात्र सांगून द्या. कानडी मैत्रिणीला लोळेसर म्हणून द्या, त्यांच्याकडं तेच नाव.

आणि माठाचं खालचं अर्धं, जे तुम्ही जपून ठेवलंय. भोक त्याला आहेच. त्यात तीन पिल्लं लावा. भांडं पसरट आहे म्हणजे पाणी हळू निथळणार, म्हणून यात तीन भाग खडे घ्या आणि पाणी कुंडीपेक्षा निम्मं. कापलेली कड विटेच्या तुकड्यानं घासून घ्या, हाताला लागणार नाही. आई नव्या कुंडीत, आणि तिची तीन पिल्लं सासूबाईंच्या माठात, सोप्यात शेजारी शेजारी ठेवा. तिथं पूर्वेचं ऊन येत असेल तर तीच जागा योग्य आहे.